‘नस सुकली, मशीन लावा’ म्हणण्याआधी : कानाचा स्कॅन कधी, कुठला आणि कशासाठी?

वारणेची_लेक

नमस्कार. एरवी वाचनमात्र असते, पण गेले काही महिने घरात कान हाच विषय चाललाय आणि त्यात जे कळलं ते सांगली-मिरजेकडच्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून धागा काढतेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

आमचे मामा मिरजेत तंबोरे बनवतात. पन्नाशी ओलांडली आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं ही तक्रार, त्यात कुणाला नवल वाटलं नाही, घरच्यांनी वयावर ढकललं. पण नीट विचारलं तेव्हा भानगड वेगळीच निघाली, म्हणजे बाहेरचं कमी आणि आतलं नको इतकं जास्त. स्वतःचं बोलणं डोक्यात घुमतं, भाकरी चावली की आत नुसता कडकडाट, जिना उतरताना टाच टेकली की धप्प. आणि सगळ्यात विचित्र म्हणजे डोळे डावीकडून उजवीकडे फिरवले की त्याचा खर्र असा आवाज येतो. हे त्यांनी कुणाला सांगितलंच नव्हतं, लोक वेड्यात काढतील म्हणून. जवारी काढताना (स्वर घुमावा म्हणून तारेखालची घोडी घासताना) खर्जाची तार कानाजवळ छेडली की समोरची भिंत तिरकी वर सरकल्यासारखी वाटायची आणि मांडीवरचा तंबोरा खाली ठेवून बसावं लागायचं. मामींनी मीठमोहऱ्या ओवाळून झाल्या.

एका ठिकाणी ऑडिओग्राम (कुठल्या पट्टीचा आवाज किती ऐकू येतो त्याचा आलेख) केला, खालच्या पट्टीचे आवाज कमी येतायत, पडदा चांगला आहे, म्हणजे आतलं रिकिबीचं हाड धरलंय असं सांगून ऑपरेशनची तारीखही दिली. मामेभाऊ म्हणाला एकदा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवू. ह्या दुसऱ्यांनी मशीनला हात लावायच्या आधी गप्पाच मारल्या. मग ट्यूनिंग फोर्क वाजवून मामांच्या पायाच्या घोट्यावर टेकवला. घोट्यावर हां! आणि मामा म्हणाले, “डाव्या कानात वाजतंय की.” डॉक्टर हसले आणि कानाच्या हाडाचा सीटी लिहून दिला. निदान : डाव्या आतल्या कानातल्या वरच्या अर्धवर्तुळाकार नळीवरचं हाडाचं छप्पर एका जागी नाहीच. कोरड्या भाषेत सुपिरियर कॅनाल डिहिसन्स.

तर प्रश्न असा की ही अशी सापडली तर उपाय असलेली अजून कुठली कारणं असतात, आणि आपण सामान्य माणसांनी कुठला स्कॅन कधी मागायचा?

कृष्णाकाठचा_गणप्या

डोळं हलल्याला आवाज येतो?? लई म्हंजे लईच. आमच्या म्हातारीला आख्खी ट्रॅक्टर-ट्रॉली गेलेली ऐकू येत न्हाई.

रेसिडेंट_कानसेन

धागा आवडला. मी ईएनटीत (कान-नाक-घसा) पीजी करतोय, इथे उपचार सांगणार नाही, पण माहिती म्हणून लिहितो.

आतल्या कानाला निसर्गानं दोनच खिडक्या दिल्यात, एक लंबगोल जिथे रिकिबीचं हाड (स्टेपीज) बसतं आणि एक गोल. आवाज पहिलीतून ढकलला जातो आणि दाब दुसरीतून मोकळा होतो. मेंदूच्या तळाशी त्या वरच्या नळीवरचं हाड नसेल तर तिसरी खिडकी तयार होते. मग खालच्या पट्टीची ताकद त्या तिसरीतून गळते म्हणून बाहेरचं कमी ऐकू येतं, आणि शरीरातला आवाज हाडातून येऊन तिथून आत शिरतो म्हणून डोळे, टाचा, चावणं सगळं ऐकू येतं. मोठ्या आवाजानं त्या नळीतलं द्रव हलतं म्हणून चक्कर. ती नळी तोल सांभाळायची आहे, ऐकायची नाही, म्हणून भिंत सरकते.

हा आजार अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये मांडला, म्हणजे वैद्यकशास्त्राच्या हिशोबात कालपरवा. त्याआधी ‘डोळ्यांचा आवाज येतो’ म्हणणाऱ्याला कोण खरं मानणार होतं?

मामांचं थांबलेलं ऑपरेशन हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. ऑटोस्क्लेरोसिस, म्हणजे हाड धरणं, आणि हे, दोन्हींचा ऑडिओग्राम वरवर सारखा दिसू शकतो. हवेतून (म्हणजे हेडफोनमधून) कमी, हाडातून (म्हणजे कानामागं टेकवलेल्या कंपकातून) चांगलं. फरक दोन ठिकाणी पकडता येतो. एक, डिहिसन्समध्ये हाडातून ऐकण्याची रेघ कधीकधी शून्याच्याही वर जाते, म्हणजे नॉर्मलपेक्षा चांगलं ऐकू येतं. दोन, स्टेपीजचा रिफ्लेक्स. मोठा आवाज दिला की कानातला बारका स्नायू आकसतो. हाड खरंच धरलेलं असेल तर हा रिफ्लेक्स नोंदला जात नाही, डिहिसन्समध्ये तो व्यवस्थित मिळतो. दोन मिनिटांची टेस्ट आहे हो, पण पुष्कळ ठिकाणी राहून जाते. आणि चुकून स्टेपीजचं ऑपरेशन झालं तर ऐकू येण्यात फरक पडत नाही, चक्कर वाढली तर ते वेगळंच.

ऑटोस्क्लेरोसिसला नावं ठेवत नाहीये, तोही छान बरा होणारा आजार आहे. बायकांत जास्त, ऐन तारुण्यात सुरू होतो, काहींना गरोदरपणात वाढल्याचं जाणवतं. टेफ्लॉनचा बारीक पिस्टन बसवला की बहुतेकांना टेबलावरच फरक कळतो. पण आधी तो तोच आजार आहे हे ठरायला हवं.

वारणेची_लेक

धन्यवाद डॉक्टर! तुमचं मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले भोपळ्याला नको तिथं भोक पडलं की खर्ज आधी जातो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको.

खवचट_आजोबा

झालं. आता उद्यापासून सांगलीतला प्रत्येक म्हातारा डोक्याचा स्कॅन काढून घेणार आणि विश्रामबागेत अजून दोन सेंटरं उघडणार. माझं वय 74. दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, सुनेचं मुद्दाम येत नाही. डॉक्टरांनी मशीन दिलं, लावतो. मला कुणी स्कॅन सांगितला असता तर मी हाकलला असता.

रेसिडेंट_कानसेन

आजोबा, तुमच्या डॉक्टरांनी बरोबरच केलं. दोन्ही कान सारखे, हळूहळू, वरच्या पट्टीचे आवाज आधी गेलेले, चक्कर नाही, कान वाहत नाही, अशा वेळी स्कॅन काढून काही निघत नाही. स्कॅनचा विचार तिथं जिथं काहीतरी बसत नाही. एकाच कानाचं गेलंय, किंवा दोन कानांत बराच फरक आहे. लहान मुलाचं ऐकणं वरखाली होतंय. चक्कर जोडीला आहे. डोक्याला मार लागल्यावर सुरू झालंय. आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत. कानात नाडीच्या ठोक्यासारखं धडधडतंय. आधी ऑडिओग्राम, मग त्यातून प्रश्न, मग त्या प्रश्नाचा स्कॅन.

सीटीवाला_सांगलीकर

शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला पाहिजे. मी टेक्निशियन आहे, स्कॅन सेंटरला. आमच्याकडं चिठ्ठी येते ‘सीटी ब्रेन, हिअरिंग लॉस’. आता मेंदूच्या नेहमीच्या सीटीत आम्ही जे काप छापून देतो ते 5 मिलिमीटर जाडीचे असतात, आणि कानातलं रिकिबीचं हाड आख्खं उंचीला तीन-साडेतीन मिलिमीटर. म्हणजे ते दोन कापांच्या मधी कुठंतरी गायब. रिपोर्ट येतो नॉर्मल, पेशंट खूश, कान तिथंच. कानासाठी ‘एचआरसीटी टेम्पोरल बोन’ (टेम्पोरल बोन म्हणजे कान ज्यात बसतो ते कवटीचं हाड) असं लिहून यावं लागतं, त्यात काप 0.6 मिलिमीटर किंवा त्याहून पातळ, फक्त हाडावर फोकस, इंजेक्शन लागत नाही, पाच मिनिटांत माणूस बाहेर.

आणि डिहिसन्सची शंका असेल तर ती चिठ्ठीवर लिहा ना राव. लिहिलं की आम्ही त्या नळीच्या रेषेत तिरके काप पुन्हा बनवून देतो, पोशल आणि स्टेनव्हर्स म्हणतात त्याला, पोशलमधी नळी पूर्ण कड्यासारखी दिसते आणि छप्पर आहे का नाही ते स्पष्ट होतं. पेशंटला परत झोपवायला लागत नाही, तोच डेटा कॉम्प्युटरवर फिरवायचा. पण कुणी विचारलंच नाही तर कोण फिरवतंय, मागं रांग असते.

रेसिडेंट_कानसेन

सीटीवाले दादांशी शंभर टक्के सहमत, आणि उलट बाजूनं एक सावधगिरी. जाड कापांत पातळ हाडसुद्धा भोक असल्यासारखं दिसतं. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मृत व्यक्तींची 1000 टेम्पोरल हाडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली होती, त्यात खरं भोक फक्त 5 मध्ये होतं, आणि छप्पर अतिशय पातळ असलेली 14. सीटीवर मात्र ‘डिहिसन्स’ याच्यापेक्षा बरंच जास्त दिसतं. म्हणजे रिपोर्टमध्ये भोक आलं म्हणून आजार झाला असं नाही, लक्षणं जुळली पाहिजेत, ऑडिओग्राम जुळला पाहिजे, जमल्यास वेम्प नावाची टेस्ट (आवाज देऊन आतल्या कानातल्या तोलाच्या भागाचा प्रतिसाद स्नायूवर मोजतात ती) जुळली पाहिजे. मामांचं सगळंच जुळतंय.

अजिंक्यताऱ्याच्या_पायथ्याशी

सातारकराचा अनुभव. मी बँकेत आहे, फोन कायम डाव्या कानाला. हळूहळू असं झालं की डाव्या कानात आवाज येतोय पण समोरचा काय म्हणतोय ते लागत नाही, नुसतं गुणगुण. उजव्याला घेतला की स्वच्छ. मी फोन बदलला, मग सिम बदललं 😀 शेवटी बायकोनं कानाच्या डॉक्टरकडे नेलं. ऑडिओग्राममध्ये आवाज थोडाच कमी होता पण शब्द ओळखायच्या चाचणीत डाव्या कानाचे मार्क फारच कमी. डॉक्टरांनी सीटी नाही, एमआरआय सांगितला, कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन देऊन, कानाच्या नसेच्या बोगद्याचा. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन बघितलं, किडनी ठीक आहे ना म्हणून. निघालं काय तर नसेवर जेमतेम सेंटीमीटरभर गाठ, व्हेस्टिब्युलर श्वानोमा. गाठ म्हटल्यावर घरात रडारड, पण ही कॅन्सरची नसते आणि बहुतेक वेळा अगदी हळू वाढते, काही तर वाढतच नाहीत. पुण्यात दाखवलं, सध्या नुसतं लक्ष ठेवायचं ठरलंय, ठराविक काळानं एमआरआय. वाढली तर गॅमा नाइफ (चिरफाड न करता किरणांचा उपचार) नाहीतर ऑपरेशन.

गेलेलं ऐकणं परत येणार नाही हे डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं. तरी मला वेळेत कळलं याचं समाधान आहे, कारण मोठी झाली असती तर चेहऱ्याच्या नसेला आणि मेंदूला दाबायला लागली असती.

कृष्णाकाठचा_गणप्या

डॉक्टर माझं बी बगा. गणपतीत डॉल्बीच्या भिंतीपुढं रातभर नाचलोय तवापास्नं दोनी कानात शिट्टी वाजतीया. काढू का एमआरआय?

आनि दुसरं, आमच्या चुलत्याला काल सकाळी उठल्यावर उजव्या कानानं एकदम बंद. रातच्याला बरा झोपला हुता. मळ असंल म्हणून गोडंतेल कोमट करून घातलंय, उद्या सोमवारी बगू म्हनतोय.

रेसिडेंट_कानसेन

गणप्या भाऊ, तुमचं नंतर. चुलत्यांना आजच्या आज कानाच्या डॉक्टरांकडे न्या, सोमवारची वाट बघू नका, तेल अजिबात घालू नका. त्यांना तोंड बंद करून ‘हम्म्म’ असा आवाज काढायला सांगा आणि तो कुठल्या बाजूला जास्त येतो ते विचारा. बंद कानात घुमला तर मळ किंवा दडा असायची शक्यता, चांगल्या कानाकडे सरकला तर नसेचं प्रकरण. काहीही आलं तरी न्यायचंच आहे.

एका रात्रीत, किंवा तीन दिवसांच्या आत, एका कानाचं ऐकू येणं गेलं तर ती इमर्जन्सी. इथं स्कॅनसाठी थांबायचं नाही. आधी ऑडिओग्राम, आणि नसेचं निघालं तर डॉक्टर स्टिरॉइड सुरू करतात, जितक्या लवकर तितकं बरं, पहिल्या दोन आठवड्यांत सर्वात उपयोगी. शुगर असेल तर ते आवर्जून सांगा. डोक्याचा सीटी यात पहिल्या झटक्याला काढू नये असं अमेरिकन ईएनटी अकादमीच्या मार्गदर्शक सूचनांतही लिहिलंय, कारण त्यात काही मिळत नाही. एमआरआय मात्र सवडीनं करायचा, कारण वरच्या सातारकरांसारखी गाठ कधीकधी अशीच अचानक तोंड काढते.

तुमची शिट्टी : ऑडिओग्राम करून घ्या, बहुधा 4000 हर्ट्झपाशी खड्डा सापडेल, आवाजानं झालेल्या इजेची ती खूण. स्कॅन नको. पुढच्या वर्षी भिंतीपासून लांब नाचा.

खवचट_आजोबा

किंवा नाचूच नका.

तासगावची_आई

रडू येतंय वाचून पण लिहितेच. माझा मुलगा नऊ वर्षांचा. लहानपणी सगळं नीट ऐकायचा, बोलायलाही वेळेत लागला. मग शाळेतून तक्रार, लक्ष देत नाही. आमच्याकडं सासरी सगळे तालमीतले, पोरगंही आखाड्यात जायचं, शिवाय कबड्डी. एकदा डोक्यावर आपटला, रक्त नाही काही नाही, पण दुसऱ्या दिवसापासून हाक मारली तर वळेना. मग थोडं सुधारलं, मग सर्दीत परत गेलं. सगळ्यांनी कान फुटल्याची, मळाची औषधं दिली. शेवटी सीटीत निघालं की आतल्या कानातून निघणारी एक बारीक नळी, व्हेस्टिब्युलर अ‍ॅक्विडक्ट, ती रुंद आहे. मधोमध दीड मिलिमीटरच्या वर असली की मोठी म्हणतात, ह्याची दोन्हीकडं जास्तच आहे. थायरॉइडही तपासायला सांगितलं.

ही नळी दुरुस्त करायचं ऑपरेशन नाही. पण डोक्याला मार बसला की ऐकणं अजून जाऊ शकतं म्हणून कुस्ती-कबड्डी बंद, सायकलवर हेल्मेट. ह्यांच्या आजोबांना हे पचलंच नाही. पैलवानाच्या घरात पोरगं घरी बसवायचं म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रोज वाद. त्यांना शेवटी डॉक्टरांनी फिल्म समोर धरून दाखवलं, ही ह्याची नळी आणि ही दुसऱ्या पोराची. मग गप्प झाले आणि स्वतःच जाऊन बुद्धिबळाचा पट घेऊन आले. सांगलीत बुद्धिबळाला काय तोटा.

रेसिडेंट_कानसेन

ताई, तुम्ही योग्य जागी पोचलात. थायरॉइड यासाठी की पेंड्रेड नावाच्या आनुवंशिक प्रकारात रुंद नळी आणि गलगंड दोन्ही असतात, जीन एसएलसी26ए4, त्याची रक्ततपासणी होते. पुढे भावंडं असतील तर त्यांचाही ऑडिओग्राम करून ठेवा. मशीन आत्ता नीट लावा, आणि उद्या ऐकणं फारच गेलं तर अशा मुलांत कॉक्लिअर इम्प्लांट (आतल्या कानात तार बसवून नसेला थेट संकेत देणारं यंत्र) चांगलं चालतं, त्यामुळे दार बंद नाही.

इम्प्लांटचा विषय निघालाच आहे तर, मेंदूज्वर होऊन गेलेल्या मुलांबद्दल सांगायचं राहिलं. जिवाणूंच्या मेंदूज्वरानंतर आतल्या कानाच्या शंखात हाड भरत जातं, कधी काही आठवड्यांतच. एकदा हाडानं भरला की इम्प्लांटची तार आत सरकवणं अवघड. सीटीत हाड उशिरा दिसतं, एमआरआयमध्ये शंखातलं पाणी कमी झालेलं आधी दिसतं. म्हणून मूल मेंदूज्वरातून उठलं की घरी जायच्या आधी ऐकण्याची तपासणी करून मागा.

नोकरी_पुण्यात_घर_इस्लामपुरात

वाचनखूण साठवली. खर्चाचं काय? हे सगळं पुण्यामुंबईचं वाटतंय.

वारणेची_लेक

नाही हो, सुरुवात इथंच होते. मिरजेचं शासकीय मेडिकल कॉलेज, सांगलीचं सिव्हिल, दोन्हीकडे कानाची ओपीडी आहे. मुलांसाठी 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, जन्मापासून 18 वर्षांपर्यंत, अंगणवाडी-शाळेत तपासायला पथक येतं त्यांनाच विचारा. इम्प्लांटसाठी केंद्राची एडिप योजना आहे, दिव्यांगांना साधनं मिळवून देणारी. कागदपत्रं मात्र आधी गोळा करा, दमछाक तिथंच होते.

मामांचं विचारलंय बऱ्याच जणांनी व्यनिमध्ये. ऑपरेशन असतं, ती नळी बुजवतात किंवा वर छप्पर घालतात, कवटीच्या बाजूनं नाहीतर कानामागच्या हाडातून. पण चक्कर सोसण्याइतकी असेल तर घाई नाही असं डॉक्टर म्हणाले. मामा सध्या उजवा कान तंबोऱ्याकडे करून बसतात, आणि खर्ज मुलगा लावतो. मुलाला अजून जमत नाही असं ते रोज म्हणतात.

कृष्णाकाठचा_गणप्या

चुलत्याला त्याच दिवशी नेलं. हम्म केलं तर चांगल्या कानाकडं गेलं. नसंचंच निघालं. गोळ्या चालू हायेत, शुगर वाढलीया म्हणून रोज बोट टोचत्यात. पहिल्यापेक्षा बरं हाय, पूर्ण न्हाई. एमआरआय लिहून दिलाय. त्याला बंद खोलीची भीती वाटती, काय करू?

सीटीवाला_सांगलीकर

आधी फोन करून सांगा, ओपन नाहीतर रुंद बोरचं (मोठ्या बोगद्याचं) मशीन कुठं आहे ते विचारा, डोळ्यावर रुमाल टाकला तरी पुष्कळांचं निभावतं, पायाशी नातेवाईक उभा राहू शकतो. आवाज लई असतो, कानात बोळे देतात ते चांगल्या कानात नीट बसवून घ्या. पेसमेकर, जुनी क्लिप, कानातला पिस्टन, इम्प्लांट, काहीही धातू अंगात असेल तर आत जायच्या आधी सांगायचं, ऑपरेशनचं कार्ड असेल तर बरोबर आणायचं.

आणि सगळ्यांनाच सांगतो, नुसती फिल्म घेऊन जाऊ नका. फिल्मवर निवडक काप असतात. सीडी मागा, नाहीतर पेनड्राइव्हवर पूर्ण डेटा घ्या, पातळ कापांसकट, आणि ‘थिन सेक्शन पण टाका’ असं तोंडानं सांगा, नाहीतर जागा वाचवायला जाडच टाकतात. पुण्याच्या डॉक्टरला परत बघायचं असलं तर त्याच डेटावर बघता येतं, दुसऱ्यांदा किरणं खायची गरज पडत नाही. काही सेंटरं थोडे दिवसच डेटा ठेवतात, मग पुसून टाकतात, त्यामुळं त्याच आठवड्यात मागून ठेवा.